इंजिनातला भाडेकरू

त्या दिवशी हार्वेस्टर सुरू करण्याआधी अनुसया सरकटेने तेल पाहिलं, पट्टे पाहिले, रेडिएटरची जाळी ब्रशने झाडली. टर्बोच्या मागे मात्र तिने पाहिलं नाही. तिथे पाहायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तपासणीच्या छापील यादीतही ती जागा नव्हती.

एक पट्टा यायचा होता म्हणून ते यंत्र नऊ दिवस शेडमध्ये उभं होतं. तेवढ्यात साळुंक्यांच्या एका जोडीने टर्बो आणि पत्रा यांच्यामधल्या वीतभर फटीत काड्या, चिंध्या, पिसं ठासून घरटं बांधलं. वाळलेलं गवत तीनशे अंशांच्या आसपास पेट घेतं. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो इंजिनाच्याच धुरावर फिरतो, आणि काम जोरात असलं की त्याचं लोखंडी कवच पाचशेच्या पुढे तापतं. बाकीचा हिशेब सोपा होता.

२०३६ सालचा मार्च होता. हिंगोली जिल्ह्यातल्या खैरगव्हाण गावात गहू काढणीला आला होता. हार्वेस्टर चालवत होता अनुसयाचा थोरला भाऊ भुजंग. साडेदहाला यंत्र गव्हात उतरलं आणि अकराच्या सुमारास मागच्या बाजूने धूर निघाला. घरट्याचा जळता गोळा खाली पडला, वारा पश्चिमेचा होता, आणि कापलेल्या गव्हाच्या फणकटातून आग माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने सरकली. भुजंगने उडी मारली नाही. पेटलेलं यंत्र त्याने नांगरटीच्या मोकळ्या रानात नेऊन उभं केलं आणि मग तो खाली उतरला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि मानेची डावी बाजू भाजली.

शेजारच्या रानात कोंडाबाई गळून पडलेले हरभऱ्याचे घाटे वेचत होत्या. वय बहात्तर. धुरात त्यांना दिशा कळली नाही. तिसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात त्या गेल्या.

चौकशीत अपघात ठरला. अनुसयाला कुणी बोल लावला नाही. भुजंगनेही नाही. पट्ट्या बांधलेल्या हातांनी तो महिनाभर घरी पडून होता, तेव्हा एकदा एवढंच म्हणाला की यादीत ती जागा नव्हती ना, मग तुझी काय चूक. त्यानंतर अनुसयाने त्या जागेशिवाय दुसऱ्या कशाचा विचार केला नाही.

ती अडतीस वर्षांची होती. डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेली, लग्न करून चार वर्षांत माहेरी परतलेली, आणि गावच्या शेतकरी कंपनीचं यंत्रांचं शेड सांभाळणारी. तिने आधी सगळे उपाय करून पाहिले. बारीक जाळी लावली, तर इंजिनाला हवा पुरेना. प्लास्टिकचा साप ठेवला, तर साळुंक्यांनी त्याच्या वेटोळ्यातच काड्या रचल्या. शिकऱ्याचा आवाज वाजवणारा भोंगा लावला, तर चौथ्या दिवशी चिमण्या त्या भोंग्यावर बसलेल्या दिसल्या. तिने हे सगळं एका वहीत तारीखवार लिहून विद्यापीठाला पाठवलं. दोन महिन्यांनी पक्ष्यांच्या आवाजांवर काम करणाऱ्या निलोफर काझी नावाच्या संशोधक बाई स्कूटरवरून थेट शेडमध्ये आल्या. वही दाखवून त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं. अनुसयाने हात पुसत, मी, असं सांगितलं. त्या दिवसापासून दोघींचं काम सुरू झालं.

निलोफर मॅडमना एक गोष्ट सापडलेली होती, पण तिचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. घराच्या शोधात असलेली साळुंकी एखाद्या ढोलीशी आली की लगेच आत शिरत नाही. ती तोंडाशी बसून तीन सुरांची एक छोटी साद घालते. आत कुणी राहत असेल तर ते अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर देतं. बाहेरची मग सूर बदलून पुन्हा विचारते, आतली त्याच बदललेल्या सुराला धरून पुन्हा उत्तर देते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की बाहेरची निघून जाते. भांडण नाही, चोचाचोची नाही. चिमण्यांचंही थोड्याफार फरकाने असंच. आवाज नुसता ऐकवला तर पक्षी फसत नाहीत, कारण विचारलेल्याला उत्तर देणं ध्वनिमुद्रणाला जमत नाही. उत्तर वेळेवर आणि विचारलेल्या सुराला धरून आलं, तरच आत कुणीतरी जिवंत आहे असं पक्षी मानतात.

ते उत्तर देणारी चिप त्यांनी तयार केली. काडेपेटीएवढी डबी, एक कान, एक चकतीएवढा भोंगा, आणि ऐकलेल्या सादेवरून त्या क्षणी नवं उत्तर रचणारा प्रोग्रॅम. दर हंगामाला तिचा आवाज बदलायचा, जणू नवं बिऱ्हाड आलं. ती इंजिनाच्या उष्णतेत आणि हादऱ्यात कशी टिकवायची, कुठे बसवली म्हणजे आवाज नेमका फटीतून आल्यासारखा वाटेल, हे अनुसयाने शोधलं. त्यासाठी तिने अकरा इंजिनं उघडली. साळुंक्यांच्या जोड्या बॉनेटवर यायच्या, विचारायच्या, ऐकायच्या आणि उडून जायच्या. गावाने त्या डबीला नाव ठेवलं, भाडेकरू.

पहिल्या वर्षी तालुक्यातल्या ज्या त्रेसष्ट यंत्रांत भाडेकरू बसले, त्यांतल्या एकातही घरटं झालं नाही. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने त्यांचं उत्पादन घेतलं. भुजंग पुन्हा हार्वेस्टरवर बसला. बसण्याआधी त्याने डबीला बोट लावून ती जिवंत असल्याची खात्री करून घेतली, आणि पुढे तो रोजच तसं करू लागला.

स्वस्त आणि बिनतक्रार वस्तू जिथे लावायची तिथेच थांबत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत भाडेकरू लागला, कारण तिथेही घरट्यांमुळे स्टार्टर जळत. मग सौर पॅनेलखाली लागला. मग गोदामात, शाळेच्या पत्र्याखाली, देवळाच्या शिखरात, आणि शेवटी घराघराच्या वळचणीला. वाळत घातलेले कपडे आता खराब होत नव्हते, ओसरीवर काड्या पडत नव्हत्या. साडेसहाशे उंबऱ्यांच्या गावात चौदाशे भाडेकरू झाले. आजूबाजूच्या गावांतही तेच.

२०४१ च्या श्रावणात, एका दुपारी, अनुसया शेडचं कुलूप काढून आत गेली आणि दारातच थांबली. आत पाखरांचा नुसता कालवा चालला होता. साद, उत्तर, पुन्हा साद. भाडेकरू कुचकामी झाले आणि पक्षी आत शिरले, असंच तिला वाटलं. तिने शिडी घेतली. एकेक बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, फटींतून हात फिरवला. एक काडी नाही, पीस नाही, जमिनीवर विष्ठेचा ठिपका नाही. ती शिडीवर बसून ऐकत राहिली. मग तिने जवळच्या ट्रॅक्टरमधली डबी काढून बंद केली. गोंगाट थोडा कमी झाला. दुसरी काढली, आणखी कमी झाला. सोळावी बंद केली तेव्हा शेड शांत झालं.

डब्या एकमेकींशी बोलत होत्या. एकीचं उत्तर दुसरीला साद वाटत होतं. पूर्वी असं होत नसे, कारण खरे पक्षी सतत मधे बोलत आणि डब्यांचा कान त्यांच्याकडे लागलेला असे. आता मधे बोलायला कुणी उरलं नव्हतं.

अनुसया बाहेर आली आणि गावभर चालत गेली. वळचणींतून, मोटारींच्या पेट्यांतून, देवळातून आवाज येत होते. एका तासात तिला एकही चिमणी दिसली नाही. शिवारात गेली तर सोयाबीनच्या पानांची चाळणी झाली होती. पानं उलटली की उंट अळ्या कमान करून चालताना दिसत होत्या. त्या वर्षी गावात पाचवी फवारणी चालू होती. लोक हवामानाला दोष देत होते, बियाण्याला देत होते. अळ्या वेचून खाणारी पाखरंच उरली नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

निलोफर मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. तीन दिवस त्या शिवारात हिंडल्या. अकरा गावांत मिळून त्यांना सात साळुंक्या दिसल्या, सगळ्या म्हाताऱ्या. त्यांनी अनुसयाला समजावलं ते असं. कवठ-आंब्याची ढोलीची झाडं कधीच गेली, कौलं जाऊन स्लॅब आले, म्हणून हे पक्षी आपल्या यंत्रांत आणि पेट्यांत राहायला आले होते. तेवढीच जागा त्यांच्यापाशी उरली होती. आता प्रत्येक भोक त्यांना सांगतं की इथे कुणीतरी राहतं. चिमणी रानात तीन-चार वर्षं जगते. तीन हंगाम तिला घर मिळालं नाही तर एक पिढी संपते.

"त्या मेल्या नाहीत, अनुसया," मॅडम म्हणाल्या. "त्या जन्मल्याच नाहीत."

अनुसयाने विचारलं की डब्या काढल्या तर त्या परत येतील का. मॅडम म्हणाल्या, नुसत्या काढून भागणार नाही. मोकळं भोक पाहून पक्षी येत नाहीत, शेजार पाहून येतात. जिथे आपल्यासारख्यांची ये-जा ऐकू येते तिथे ते जागा शोधायला उतरतात. म्हणजे काम दुहेरी होतं. ज्यात उष्णता तयार होते अशा यंत्रांतच भाडेकरू ठेवायचे आणि बाकी सगळे उतरवायचे. बांधांवर लाकडी घरटी टांगायची, त्यांची भोकं मुकी ठेवायची, आणि थोड्या अंतरावर त्याच डब्यांतून थव्याच्या वस्तीचे आवाज सोडायचे. जी डबी जागा नाही म्हणत होती, तिनेच आता या म्हणायचं.

घरी अनुसयाने हे भुजंगला सांगितलं. तो जेवत होता. त्याची बोटं भाजल्यापासून पुरती वळत नसत, भाकरी तो दोन्ही हातांनी मोडत असे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की अळीला औषध आहे, आगीला नाही. पाखरं परत आली की इंजिनात येणार. गावात हजार असली तर एखादी तरी डबीला न मानणारी निघणार.

"निघेल," अनुसया म्हणाली. "म्हणून रोज सकाळी मी हाताने बघणार. घरटं होईल अशा सात जागा आहेत यंत्रात. एकही सोडणार नाही."

"त्या दिवशीही तूच बघितलं होतंस," भुजंग म्हणाला.

पाच वर्षांत तो हे पहिल्यांदा बोलला होता. बोलून झाल्यावर त्याने ताट सरकवलं आणि हात धुवायला उठला. दुसऱ्या दिवसापासून तो शेडमध्ये आला की यंत्राची किल्ली घेई, डबीला बोट लावी आणि बहिणीशी न बोलता निघून जाई. बाकीच्या चालकांनाही त्याने सांगून ठेवलं होतं की गावातल्या डब्या उतरल्या तर आपण यंत्रावर बसायचं नाही.

अनुसया घरोघर जायला लागली. गावच्या पश्चिमेकडून सुरुवात करून रोज दहा घरं. बऱ्याच जणांनी ऐकून घेतलं आणि बघू म्हटलं. काहींनी सरळ सांगितलं की वळचण स्वच्छ राहते ते बरं आहे. काहींनी विचारलं की डबी तूच आणलीस ना, मग आता तूच कशी काढायला सांगतेस. हो, मीच आणली, असं ती प्रत्येक वेळी सांगे, आणि सोयाबीनची फांदी पुढे धरे. तीन आठवड्यांत एकशेदहा डब्या उतरल्या. एक घर ती रोज टाळत होती. कोंडाबाईंचं.

बाविसाव्या दिवशी त्या घरची सून अयोध्या स्वतःच रस्त्यात आडवी आली. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. आमच्याकडे का येत नाही, असं तिने विचारलं. अनुसया म्हणाली की तुमच्या दारात हे मागायला तोंड नाही. अयोध्याने तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मधे तिने एकच प्रश्न केला, आमच्या आत्याबाई गेल्या तेव्हा त्या इंजिनात नेमकं काय झालं होतं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. अनुसयाने फरशीवर खडूने इंजिन काढलं, टर्बो काढला, फट काढली आणि घरट्याची जागा दाखवली. आपण तिथे पाहिलं नव्हतं हेही सांगितलं.

अयोध्या त्या चित्राकडे पाहत राहिली.

"आता पुन्हा आग लागणार नाही, असा शब्द देता का, ताई?"

"नाही देता येत, वहिनी. दररोज सातही जागा बघीन, एवढाच शब्द देते."

"एकटीने नाही बघायचं," अयोध्या म्हणाली. "मी येते. तुम्ही बघा, मग मी बघते. आणि किल्ली माझ्यापाशी राहील."

तिने उठून वळचणीतली डबी काढली आणि अनुसयाच्या हातात ठेवली.

ही गोष्ट अर्ध्या दिवसात गावभर झाली. ज्यांचं माणूस गेलं त्यांनीच डबी उतरवली म्हटल्यावर बाकीच्यांना फारसं बोलायला उरलं नाही. ग्रामसभेत ठराव झाला. यंत्रं, मोटारी आणि विजेच्या पेट्या सोडून सगळीकडचे भाडेकरू उतरवायचे, आणि काढणीच्या यंत्राची किल्ली रोज सकाळी अयोध्याबाईंच्या हातून घ्यायची. भुजंग सभेला आला होता. त्याने विरोध केला नाही, हातही वर केला नाही. बाहेर पडताना तो अयोध्यासमोर थांबला आणि म्हणाला की वहिनी, तुम्ही किल्ली दिलीत तरच बसेन. तिने मान डोलावली.

दिवाळीपर्यंत बांधांवर तीनशे लाकडी घरटी टांगली गेली. आजूबाजूच्या अकरा गावांपैकी चार गावं सामील झाली, बाकीची थांबून बघत होती. पुण्याच्या कंपनीला पत्र गेलं, की डबीच्या खोक्यावर ती कुठे लावू नये हेही छापा. कंपनीने आभार मानले आणि काही केलं नाही. निलोफर मॅडमनी मग सगळी आकडेवारी उघड प्रसिद्ध केली. त्यावरून विद्यापीठाशी त्यांचे खटके उडाले, पण त्यांनी मजकूर मागे घेतला नाही.

पहिला हंगाम कोरडा गेला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, बांधांवरून थव्याचे नकली आवाज येत राहिले आणि घरटी रिकामी राहिली. जूनमध्ये दोन घरट्यांत गांधीलमाश्या झाल्या. लोक हसले. अनुसयाने गांधीलमाश्या काढून घरटी धुतली आणि परत टांगली. त्या पावसाळ्यातही अळीने सोयाबीन खाल्लं. ती आणि अयोध्या आठवड्यातून एकदा तीनशेच्या तीनशे घरटी पाहून येत. दोघींना त्यात पूर्ण सकाळ लागे.

ऑगस्टच्या शेवटी एकशेअठ्ठावीस नंबरच्या घरट्यातून काडी लोंबताना अयोध्याला दिसली. तिने अनुसयाचं मनगट धरलं. दोघी बाभळीच्या आड उभ्या राहिल्या. साळुंकी आली, तोंडाशी बसली, तिने विचारलं. आतून उत्तर आलं नाही. ती आत गेली. त्या वर्षी एवढी एकच जोडी टिकली, आणि तिची तीन पिल्लं उडाली. अनुसयाने मॅडमना फोन लावून अयोध्याच्या हातात दिला, आणि आकडा अयोध्याने सांगितला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चौतीस घरट्यांत वस्ती झाली. त्यात चिमण्या जास्त होत्या. त्याच खरिपात फवारण्या पाचावरून दोनावर आल्या, आणि थांबलेल्या सात गावांतून माणसं लाकडी घरट्यांची मापं घ्यायला आली.

मार्च २०४४. गहू पिवळा पडला होता, वारा पश्चिमेचा होता, आणि सकाळी साडेसातलाच ऊन चटकत होतं. शिवारात खऱ्या साळुंक्यांचा गलबला होता. हार्वेस्टर शेडबाहेर उभं केलं होतं. भुजंग खाली शिडीपाशी उभा होता. अनुसया वर चढली. रेडिएटरची जाळी, हवेचा फिल्टर, बॅटरीची पेटी, पट्ट्यांचं आवरण, सायलेन्सरचं बूड, टर्बोची मागची फट, धान्याच्या टाकीखालचा कोपरा. ती उतरली आणि काही नाही म्हणाली. मग अयोध्या चढली. सहाव्या जागेपाशी ती थांबली. तिने खांद्यापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत चार-पाच ओल्या काड्या आणि एक निळा दोरा होता. अनुसयाच्या बोटांना जिथे नुसता पत्रा लागला होता, त्याच्या वीतभर आत ते अडकलेलं होतं. पहाटे कुणीतरी डबीचं ऐकलं नव्हतं.

अनुसयाचा चेहरा उतरला. भुजंगने त्या काड्यांकडे पाहिलं.

"मी म्हणालो होतो," तो हळू म्हणाला. "येणारच."

"आली," अयोध्या वरूनच म्हणाली. "आणि सापडली."

तिने काड्या खाली टाकल्या आणि पुन्हा त्याच फटीत हात घालून तळापर्यंत चाचपलं. मग अनुसयाला वर बोलावून तिचा हात धरून तिथपर्यंत नेला, कुठवर पोचायचं ते कळावं म्हणून. भुजंग शिडीशी उभा राहून दोघींकडे पाहत होता. बाकीचे चालक कुजबुजायला लागले, उशीर होतोय म्हणून एकाने घड्याळ दाखवलं. भुजंगने त्याला हातानेच गप्प केलं.

"एक राहिली ना अजून?" त्याने विचारलं.

"राहिली," अनुसया म्हणाली.

"मग बघा. सावकाश बघा."

दोघींनी सातवी जागा पाहिली. अयोध्या शिडी उतरली, पदराला हात पुसले आणि कनवटीची किल्ली काढून भुजंगच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं तिच्याभोवती जेवढी मिटली तेवढी त्याने मिटवली आणि तो वर चढला.